कोरी सोडलेली गाय

प्रिय आईस, लेकीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. रोज कुरणात बसून जलरंगात गुरं रंगवते. परवा चित्रकलेचे सर म्हणाले, "बाई, तुझ्या सगळ्या गाईंचं तोंड एकच गं!" सगळे हसले, मीही हसले.

खरंच आहे ते. समोर कुठलीही गाय असो, हात आपल्या पांढरीलाच काढतो. म्हणून काल तिलाच काढायला बसले. जलरंगात पांढऱ्यासाठी कागद कोरा सोडतात, तशी तिची जागा सोडून भोवती गवत रंगवलं. मग तिचं कुठलं शिंग वाकडं, तेच आठवेना. घरातली पहिली पदवीधर मी, आणि घरच्या गाईचं शिंग आठवत नाही! कालपासून ब्रश उचललेला नाही.

मागच्या दोन्ही पत्रांत तू तिचं नावही काढलं नाहीस. ती आहे ना गं? असेल तर शिंगाचं कळव. नसेल तर काहीच लिहू नकोस, कागद कोराच राहील.

बाबांना सांग, पोरगी मजेत आहे.

तुझी थोरली