ठोंब्याला कोणी ढकललं?

तीर्थस्वरूप आत्याच्या चरणी (त्यातल्या त्यात न दुखणाऱ्या गुडघ्याकडच्या चरणी) साष्टांग नमस्कार.

मी इथे होस्टेलवर खुशाल आहे. वेळेवर जेवते, केस विंचरते, आणि वजन तुला वाटतं तेवढं घटलेलं नाही. तुझा गुडघा काय म्हणतो? शेक चालू ठेवला आहेस, की बरं वाटल्याबरोबर पिशवी कपाटात टाकलीस? खालच्या मजल्यावरच्या काकूंशी ओल्या कपड्यांच्या ठिबकण्यावरून जे युद्ध पेटलं होतं, त्याचं पुढे काय झालं तेही कळव. मागच्या वेळी तू तह झाला म्हणालीस, पण तुझा आवाज तहाचा वाटत नव्हता. फोन सोडून हे पत्र अशासाठी की फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस, तिसऱ्याला ‘मुद्द्याचं बोल’ म्हणतेस. आणि या प्रकरणात मुद्द्यापर्यंत पोचायलाच बराच वळसा आहे. पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही, म्हणून मी आज पोटभर बोलून घेणार आहे.

सुट्टी लागली तेव्हा घरात झालेलं रणकंदन तू विसरली नसशीलच. वर्गातली निम्मी मुलं कारखान्यांत उमेदवारीला गेली आणि मी जाहीर केलं की मला एका सरांनी त्यांच्या प्रयोगशाळेत संशोधनाला घेतलंय. बाबांनी कात्री खाली न ठेवता विचारलं, कसलं संशोधन? मी म्हटलं, गाड्यांवर. जन्मभर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवलेला माणूस तो, क्षणभर चेहरा उजळला. पण गाडी माझ्या वितीएवढी आहे आणि ती प्लायवुडच्या चक्रव्यूहातून बाहेर पडायला शिकते का ते बघायचं आहे, हे ऐकल्यावर तो तसाच मावळला. इंजिनिअरिंगची तीन वर्षं करून आता खेळण्यातल्या गाड्या ढकलणार का, असं ते म्हणाले. मी ठणकावून सांगितलं की ढकलायच्या नाहीत, त्या आपल्या आपण चालतात. (हे वाक्य ध्यानात ठेव आत्या. पुढे त्यानेच माझा घात केला.) शेवटी तू मध्ये पडलीस. बाबा देवाला भीत नाहीत, पण थोरल्या बहिणीला भितात. तू म्हणालीस, पोरीला एवढी सुट्टी दे, काही निष्पन्न झालं नाही तर मी स्वतः तिचा कान धरून तुझ्या दुकानात आणून बसवते. तेव्हापासून ‘निष्पन्न’ हा शब्द माझ्या मानगुटीवर बसला आहे. झोपेतही उतरत नाही.

तर प्रयोगशाळा. तुझ्या डोळ्यांसमोर काही चकचकीत आलं असेल तर आधी ते पुसून टाक. तळमजल्यावरची खोली, एक खिडकी उघडत नाही, दुसरी मिटत नाही. मधोमध जमिनीवर घोट्याएवढ्या उंचीच्या फळ्यांचा चक्रव्यूह आणि वर छताला एक कॅमेरा. सर स्वभावाने फार चांगले, पण बोलणं म्हणजे फक्त ‘हं’. त्यात तीन जाती आहेत. आखूड हं म्हणजे ऐकलं, लांबवलेला हं म्हणजे चुकलं, आणि शेवटी वर चढणारा हं म्हणजे खोलीवर जाऊन नीट विचार करून या. हे कळायला आम्हाला पहिला आठवडा गेला. आम्हाला म्हणजे मला आणि माझ्या जोडीदाराला. त्याला सगळे दशांश म्हणतात, कारण दशांशचिन्हापुढे एक तरी आकडा लावल्याशिवाय त्याच्या तोंडून माप निघत नाही. (भूक लागली का असं विचारलं तर ‘शून्य पूर्णांक सात’ म्हणतो. आणि मग माझ्या डब्यातलं पूर्णांकात खातो.)

गाड्या दोन, दिसायला जुळ्या. एकीच्या डोक्यात सरांनी कित्येक वर्षं खपून तयार केलेली शिकण्याची रीत घातली आहे. कुठे आपटलो ते ती लक्षात ठेवते आणि पुढच्या खेपेला तिथे जात नाही. हा पंडित. दुसरीच्या डोक्यात काही म्हणजे काही नाही. आपटली की मनाला येईल त्या दिशेला वळायचं आणि पुन्हा आपटायचं. हा ठोंब्या. मग त्याला ठेवायचाच कशाला, असं तू विचारशील. (मीही विचारलं होतं, आणि चढता हं मिळाला होता.) तर शिकलेला किती शिकला हे कळायला शेजारी एक न शिकलेला उभा करावा लागतो. लहानपणी तुम्ही सगळे मला त्या पहिल्या नंबरवाल्या मुलीशेजारी उभं करायचात, तशातलाच प्रकार. ठोंब्या हे नाव मी ठेवलं. आपल्या घरात हा शब्द कोणाच्या तोंडी असतो आणि कोणाला उद्देशून, हे तुला सांगायला नको.

आमचं काम सोपं होतं. पंडितला सोडायचा, मग ठोंब्याला सोडायचा, बाहेर पडायला लागलेला वेळ यंत्र आपोआप टिपून घेणार. कॅमेरा गाडीच्या डोक्यावरचा रंगीत ठिपका तेवढा बघतो आणि तिचा मार्ग काढतो. आठवडेच्या आठवडे हेच चाललं. पंडित शहाण्यासारखा सुधारत गेला, आमची छाती फुगत गेली. आणि मग सगळे आकडे एकत्र करून आलेख काढला, तर ठोंब्या पंडितच्या बरोबरीने! काही ठिकाणी तर त्याच्या पुढे! एका खेपेला हा महाभाग अख्खा चक्रव्यूह डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पार करून गेलेला. दशांशने त्यावर दोन दिवस खर्चून एक सिद्धांत मांडला, त्यात जमिनीचा उतार, चाकाचं घर्षण आणि उघड्या खिडकीतला वारा असं सगळं होतं. मी आकडे पुन्हा तपासले, पुन्हा तेच. आत्या, याचा अर्थ एकच होता, की सरांच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीने शिकवलेला आणि काहीच न शिकवलेला, दोघं सारखेच. आलेख बघून सरांनी एक हं केला, तो आमच्या तिन्ही जातींत बसेना. फार खाली गेलेला, जवळजवळ श्वासच. त्या माणसाचा चेहरा मला बघवेना.

त्याच संध्याकाळी मी आईला फोन करून सगळं ओकले. ठोंब्या कसा आपटतो, आपटून आपटून त्याच्या नाकाला कशी चीर गेली आहे, हेही सांगितलं. आईने संशोधनाबद्दल चकार शब्द काढला नाही, पण नाक किती रुंद आहे आणि गाडी किती लांब आहे हे मात्र खोदून खोदून विचारलं. (आईला लांबी-रुंदीत कधीपासून रस? मागून कोणीतरी ‘सेंटिमीटर का इंच?’ असंही म्हणाल्यासारखं वाटलं, पण टीव्ही चालू असेल.) मी आपली रडण्याच्या भरात मापं सांगून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, कॅमेऱ्याचं चित्रण बघू या. ते सगळं साठवलेलं होतं, फक्त आमच्यापैकी कोणी कधी उघडून बघितलं नव्हतं, कारण आम्हाला ठिपक्याशी मतलब. आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो. पंडितच्या खेपा सरळ गेल्या. मग ठोंब्या आला, कोपऱ्यात अडकला, चाकं गरागरा फिरवू लागला. आणि पडद्याच्या कडेने एक स्टीलची पट्टी हळूच आत आली आणि तिने त्याला अलगद वळवलं. दशांशचे कान लाल झाले. फक्त दोन पूर्णांक शून्य मिलिमीटर, असं तो पुटपुटला. पुढच्या खेपेला एक निळी चप्पल आली. ती कोणाची हे सांगायची गरज नव्हती, कारण ती त्या क्षणी माझ्या पायात होती. आता तुला खरं सांगू का? अडकला की त्याच्या चाकांचा आवाज मुसमुसल्यासारखा येतो गं. माझा पाय मला न विचारता पुढे गेला. एकदा नाही, बरेचदा. मग झाडू आला. खोली झाडणाऱ्या मावशींनी दांड्याने त्याला बाहेरची दिशा दाखवली, आणि तरीही कळेना म्हटल्यावर सरळ उचलून दारात नेऊन ठेवला. (दशांशचा वाऱ्याचा सिद्धांत तिथे संपला.) मी हसू दाबत होते, तेवढ्यात पडद्यावर एक तपकिरी बूट आला. नाडी मधोमध तुटलेली आणि गाठ मारून जोडलेली. असा बूट आमच्या इमारतीत एकाच माणसाचा आहे. बुटाने आधी इकडेतिकडे कोणी नाही ना असं बघितल्यासारखं केलं, आणि मग ठोंब्याला टोकाने हलकेच वाट करून दिली. सरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि हं सुद्धा म्हटलं नाही.

पंडितला कोणी बोटही लावलं नव्हतं. हुशार आहे ना तो, त्याचं तो बघेल! मला त्याचंही वाईट वाटलं.

थोडक्यात सुट्टीभराचा आलेख पाण्यात. आणि तीन दिवसांनी परीक्षकांसमोर सादरीकरण. दशांशचं म्हणणं, हात लागलेल्या खेपा गाळू या. गाळायला बसलो तर ठोंब्याकडे खेपाच उरेनात. मग सर म्हणाले (होय, चक्क म्हणाले), जे झालं ते सांगा. मी सांगितलं. पट्टी, चप्पल, झाडू, सगळं. बुटाबद्दल मात्र ‘आणि इतर’ एवढंच म्हटलं. परीक्षकांत एक करारी बाई होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी विचारलं, मग दोन महिन्यांत निष्पन्न काय झालं? आत्या, नेमका तोच शब्द! तेवढ्यात मागच्या रांगेतून सर उठले, म्हणाले, त्या ‘इतर’मध्ये एक बूट आहे, तो माझा, मुलांना बोल लावू नका, आणि सगळ्यांना दिसावा म्हणून पाय थोडा वर उचलला. सगळ्या खोलीसमोर एका पायावर उभा असलेला तो माणूस मी जन्मात विसरणार नाही. मला तिथेच रडू आलं, आणि ते लपवायला मी घाईघाईने प्रात्यक्षिक दाखवते म्हणाले. टेबलावर लहानसा व्यूह मांडून ठोंब्याला सोडला. तो इमानाने पहिल्याच कोपऱ्यात अडकला आणि मुसमुसू लागला. बाई बघत होत्या. बघता बघता त्यांचा हात पुढे आला, ठोंब्यापाशी पोचला, आणि हवेतच थांबला. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग सरांच्या बुटाकडे. आणि हसल्या. शेवटी निकाल असा, की प्रयोग बाद, पण प्रामाणिकपणा पास. चक्रव्यूहावर काचेचं झाकण लावायचं आणि सगळं पहिल्यापासून करायचं. सरांनी मला विचारलं, पुढचं सहामाही सत्र आणि नंतरची सुट्टी थांबशील का? मी हो म्हटलं आहे. बाबांना न विचारता.

आता मुद्दा. बाबांना समजवायचं काम तुझं. निष्पन्न काहीच झालं नाही असं कोणी म्हणालं तर तू म्हण, झालं, पण ते आलेखात बसत नाही. तुझा शब्द ते खाली पडू देणार नाहीत. आणि अगदीच ऐकलं नाही, तर माझा कान तुझ्याच हातात आहे, दुकानात आणून बसव. पण आत्या, मला खरंच थांबायचं आहे. इतकं काही मला आजवर कधी हवंसं वाटलं नव्हतं.

गुडघ्याला जप. काकूंशी तह कर.

तुझी लाडकी (दुसरी भाची नाही म्हणून का होईना)
ठोंबी

ता. क. हे पत्र बाबांच्या हाती लागू देऊ नकोस. विशेषतः ढकलण्याबद्दलचा भाग. ते दहा वर्षं ऐकवतील.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तोच फाटकावरच्या पहारेकऱ्याने एक पुडकं आणून दिलं. एक गृहस्थ सकाळच्या गाडीने आले, देऊन उलट पावली गेले. नाव विचारलं तर सांगितलं नाही, फक्त ‘ठोंब्यासाठी आहे’ म्हणाले. (पहारेकऱ्याने आणखी काही न विचारता ते मला आणून दिलं, यावर मी नंतर त्याच्याशी भांडणार आहे.) उघडलं तर आत काळ्या रेक्झिनचा, स्पंज भरलेला एक चिमुकला कोट. गाडीच्या मापाचा, नाकावर जाड, चाकांपाशी कापून घेतलेला, आणि कडेने बाबांची ती दुहेरी टीप, जी ते फक्त लांबच्या प्रवासाच्या सीटना घालतात. माझ्यापर्यंत येऊन न भेटता गेले गं. तेव्हा वरचं समजवण्याचं काम रद्द. समजवायला काही उरलेलं नाही.

ता. क. ३ : एकच अडचण आहे, आणि तेवढ्यासाठी तू हवीस. ठोंब्याला कोट आणि पंडितला नाही, असं केलं तर प्रयोग पुन्हा बाद होईल. मी सरांना विचारलं, त्यांनी आखूड हं केला. तेव्हा मी सांगितलं असं न दाखवता बाबांकडून पंडितसाठी अगदी तसाच दुसरा शिवून घे. रेक्झिन तेच, टीप तीच. आणि ठोंब्याच्या कोटात नाकापाशी आतल्या बाजूने, वरून दिसू नये असा, स्पंजाचा एक जास्तीचा थर घातलेला आहे. पंडितच्या कोटातही तेवढाच घालायला सांग. घालणार नाहीत, मला माहीत आहे. पण सांग.