माझ्या आवाजातला उशीर

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, व्यवसायाने गायिका. घशाच्या ऑपरेशननंतर कुजबुजण्यापुरती उरले आहे. गळा गेला तरी डोकं ठिकाणावर आहे, याची खात्री साक्षीदार डॉक्टरांनी करून घेतली आहे. माझ्यावर दडपण कोणाचंही नाही. मुलांच्या रोजच्या भांडणाला विटून हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. राहतं घर मुलगी आणि मुलगा यांना निम्मं निम्मं. मुलाचा स्टुडिओ असलेली मागची खोली त्याच्या वाट्यात धरावी. मुलीने तोंड वाकडं करू नये, गॅलरी आणि सकाळचं ऊन तिच्याकडे आहे.

२. बँकेत जे निघेल ते मुलीला. आजारपणात उशापायथ्याशी तीच होती.

३. ज्या संगीतकाराने कॅसेटवर माझं नाव छापलं नाही आणि वर "ताई, जागाच नव्हती हो" म्हणाला, त्याच्यासाठी या कागदावरही जागा नाही.

४. माझ्या यजमानांची पेटी मुलीला. ते जन्मभर माझ्या साथीला बसले. भाता फाटला आहे, तो शिवून घ्यावा.

५. माझा आवाज. मुलाने जुन्या रेकॉर्डिंगवरून तो संगणकाला शिकवला, माझ्या संमतीने. आता नवी गाणी माझ्या तिशीतल्या गळ्यात तयार होतात. मुलगी म्हणते, "आई समोर बसलीय आणि तू तिची नक्कल विकतोस?" तो म्हणतो, "ताई, आईलाच विचार ना!" मग दोघं माझ्या उत्तराची वाट न बघता भांडतात. कुजबुजणाऱ्याचं ऐकतो कोण?

मागच्या महिन्यात मुलगा म्हणाला, "आई, संगणकाने तुझी एक खोडही उचलली होती. प्रत्येक ओळीला तू किंचित मागे पडतेस. सगळं तालात सरळ करून टाकलं." त्याने ऐकवलं. प्रत्येक शब्द ठोक्यावर. त्या दिवशी मी जेवले नाही. त्याला वाटलं, घसा दुखतोय.

ह्यांचं डावं मनगट लहानपणी मोडून वाकडं बसलं होतं. भाता उशिरा भरायचा, सूर उशिरा निघायचा. मी त्यांच्याकडे न बघता तेवढं थांबून ओळ उचलायची. लोक त्याला माझा ढंग म्हणत, आम्ही म्हणू दिलं. घरी हा विषय कधी निघाला नाही. शेवटच्या आजारात मात्र हे म्हणाले, "मला कळायचं हं." मला फार रडू आलं. मुलांना हे मी कधी सांगितलं नाही, आज सांगते.

म्हणून आवाज मुलाला. त्याने खुशाल वापरावा, गाणं संगणकाचं आहे हे सांगून. पण तो उशीर काढायचा नाही. गिऱ्हाईक म्हणालं बेताल आहे, तर गिऱ्हाईक सोडावं. गाणं बाहेर जाण्याआधी मुलीने मागच्या खोलीत भावाशेजारी बसून ते ऐकावं. वडिलांचा हात तिला ओळखता येतो. तिने मान हलवल्याशिवाय गाणं द्यायचं नाही.

६. माझ्यामागे फार दिवस रडत बसू नये. मी दमले आहे. आयुष्यभर प्रत्येक ओळीला मी ह्यांच्यासाठी थांबले. आता हे थांबलेत.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर वाचला. ते जवळ सरकून बसले, म्हणून त्यांना ऐकू गेला.

साक्षीदार: घशाचे डॉक्टर (सही)
साक्षीदार: शेजारचे शिंपीकाका (सही)
लिहून ठेवणार: मुलांची आई (सही)
स्थळ: राहत्या घराची गॅलरी
दिनांक: ९ मार्च, सोमवार