तुलनेसाठी निरोगी डोळे

प्रिय ताई,

तुला नमस्कार आणि पिल्लांना पापे. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं.

इथल्या प्रयोगशाळेत काय काम करतेस, असं विचारलंस. साखरेच्या आजारात नजर अधू होण्याच्या कितीतरी आधी डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या ताठर होतात, असं आम्हाला वाटतं. तो ताठरपणा आम्ही मोजतो. तुलनेसाठी निरोगी डोळे हवे होते, म्हणून मीच कॅमेऱ्यापुढे हनुवटी टेकवून बसले.

फोटो काढणाऱ्या बाई म्हणाल्या, "हलू नका हं, सरळ माझ्याकडे बघा." खरं सांगू? इथे आल्यापासून महिन्याभरात माझ्याकडे इतका वेळ कुणी पाहिलंच नव्हतं. डोळे भरून आले आणि फोटो पुन्हा काढावा लागला.

डोळे स्वच्छ आहेत. सोबत रक्तही तपासलं, त्यात मात्र साखर वाढलेली निघाली, आईसारखीच. निरोग्यांच्या यादीतून माझं नाव कापलं. औषध सुरू केलंय, घाबरू नकोस. आईला एवढ्यात सांगू नकोस, ती स्वतःलाच दोष देत बसेल.

तू साखर कधी तपासून घेतलीस? "मला चांगलं दिसतंय" हे उत्तर चालणार नाही, मलाही चांगलंच दिसतं. याच आठवड्यात जाऊन ये आणि काय निघालं ते पत्रानेच कळव. फोन लगेच संपतो गं, पत्र पुरवून पुरवून वाचता येतं.

तुझीच,
ठकू