चौथ्या बरगडीखालची फळी

प्रिय बोक्या,

चार पानांचं पत्र लिहिलंस आणि खाली सही करायला विसरलास. मला सही येत नाही म्हणून मी अंगठा देते. तुला काय झालं? खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईने पत्र वाचून दाखवलं, शेवटचं पान उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, आजी, हे कोणाचं ते लिहिलेलंच नाही. मी म्हटलं, मग ते माझ्या नातवाचंच. स्वतःच्या लग्नाला जो बूट विसरून मोज्यांवर आला, तो सही कुठून लक्षात ठेवणार? तर आता ऐक. मी बोलते आहे आणि शिंपीणबाई लिहिते आहे. कोणाच्या तरी कोटाचं काम अर्धवट टाकून ती वर आलीय आणि टाचण्या अजून तिच्या तोंडातच आहेत. बरंच आहे, मध्ये बोलणार नाही.

तू लिहितोस, शनिवारी ती जुनी होडी तुझी होणार आणि रविवारी नातसून आणि चिमणीला घेऊन तू बंदराच्या भिंतीबाहेर, थेट दीपगृहाच्या खडकापर्यंत जाणार. तपासायला जाणकार माणूस बोलावणार नाहीस, कारण होडीच्या मागच्या फळीवर, आतल्या बाजूने, तुला आजोबांची खूण सापडली. तीन खाचा आणि एक टिंब. आजोबांच्या हातची होडी, तिला काय तपासायचं, असं लिहिलंयस. शिंपीणबाईने हे वाचलं तेव्हा मी मटार सोलत होते. ते मटार अजून तसेच पडलेत. तुला खरं सांगते, मला भीती वाटते. चिमणी पाच वर्षांची आहे. तिला पोहता येत नाही, आणि तिथलं पाणी कसं आहे ते मला माहीत आहे.

आधी कोणीही शहाणा माणूस सांगेल ते सांगते. होडी पाण्यात तरंगताना कधी पसंत करू नये. पाण्यातली होडी म्हणजे गळ्यापर्यंत कोट घातलेला माणूस, पोट कसं आहे ते दिसत नाही. मालकाला म्हणावं, वर काढ, ठोकळ्यांवर ठेव, दोन दिवस वाळू दे. कुरकुर करायला लागला तर समजून जा. मग डोळ्यांच्या आधी नाक लाव. पायाखालच्या फळ्या उचल आणि तळाशी डोकं घाल. डांबराचा, तेलाचा, मासळीचा वास चालेल. ओल्या पोत्याचा किंवा आळंब्यांचा वास आला तर उठ आणि घरी जा. तळात पाणी साचलेलं असेल तर बोट बुडवून चाट. तोंड वाकडं करू नकोस, तुझ्या आजोबांनी आयुष्यभर चाटलं. खारट लागलं तर खालून गळते आहे. गोडं लागलं तर ते पावसाचं, वरून झिरपलेलं, आणि ते जास्त वाईट, कारण खाऱ्या पाण्यात लाकूड तग धरतं, गोड्या पाण्यात कुजतं. कुठे एकाच जागी ताजा रंग दिसला तर विचार की इथेच का. खिळ्यांखाली तांबडे ओघळ असतील तर खिळे आतून गेलेत. मालक इंजिन सुरू करेल त्याआधी आपला हात त्यावर ठेव. गरम असेल तर तू यायच्या आधीच त्याने ते चालवून ठेवलंय, थंड असताना ते किती नखरे करतं ते तुला कळू द्यायचं नाहीये. कागद नातसुनेला वाचू दे. तू वाचशील आणि विसरशील. आणि मालकाला गप्पांच्या ओघात विचार, तुमच्या घरच्यांना घेऊन शेवटचं कधी गेला होता? तो काय सांगतो ते राहू दे, सांगताना त्याचे हात काय करतात ते बघ.

आता तू म्हणशील, आजीला हे कुठून कळलं, ती तर आजोबांच्या होड्यांच्या शेडमध्ये नुसता चहा घेऊन यायची. तुझ्या बापाने कधी मोगरी हातात धरली नाही, तो टाय लावून ऑफिसात गेला, म्हणून तिथे काय चालायचं ते तुला कोणी सांगितलंच नाही. चाळीस वर्षं ठोकाठोक करून तुझ्या आजोबांचे दोन्ही कान गेले होते. मी जेवायला वाढू का म्हणून विचारलं तर म्हणायचे, हो, आज वारा आहे. पण लाकूड तपासायचं असतं ते ऐकूनच. म्हणून आम्ही आमची एक रीत बसवली होती. ते होडीखाली आडवे होऊन प्रत्येक फळीवर लाकडी मोगरी मारत सरकायचे. मी आत गुडघ्यांवर बसून, फळीला कान लावून, त्यांच्याबरोबर सरकायची. भरीव लाकूड खणखणीत बोलतं. कुजकं लाकूड उशीवर बुक्की मारल्यासारखं बोलतं. ऐकलं की मी आतून टाच आपटायची. एकदा आपटली तर भरीव, दोनदा आपटली तर पोकळ. खालून फळीवर टेकवलेल्या त्यांच्या तळहाताला ते बरोबर कळायचं. दोनदा आपटलेली प्रत्येक फळी ते काढायचे, मग कितीही दिवस लागोत. सगळी होडी एकेका टाचेने पार पडली की मगच छिन्नी उचलून खूण कोरायचे. लोक तिला त्यांची खूण म्हणत. खरं तर ती आमच्या दोघांची होती. माझ्यासारखीलाही वाचता यावी म्हणून त्यांनी ती अक्षरांची ठेवली नव्हती.

त्या खुणेविषयी तू आणखी एक लिहिलंयस. तिसरी खाच वाकडी आहे, आजोबा घाईत असतील. बोक्या, तुझे आजोबा आयुष्यात कधी घाईत नव्हते. घराला आग लागली असती तरी त्यांनी आधी छिन्नीला धार लावली असती. वाकडी खाच त्यांनी एकाच होडीवर कोरली, शेवटच्या. कोरताना खोकल्याची उबळ आली आणि हात हलला. तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं होतं. मी समजूत घातली, आतल्या बाजूला कोण बघतंय.

ती होडी एका शाळामास्तरांनी घेतली. मागच्या खाडीत, संथ पाण्यात, ती झाडाला बांधून ते गळ टाकून बसायचे. उघड्या पाण्यात कधी गेले नाहीत. हे मला कसं ठाऊक? मी बाजारात दर महिन्याला कोणाला ना कोणाला विचारायची, मास्तरांची होडी कशी आहे म्हणून. लोकांना वाटायचं, म्हातारीला नवऱ्याच्या हातच्या कामाची केवढी माया. मास्तर वारले तेव्हा मी भेटायला गेले, तर त्यांच्या बाईचं सांत्वन करायच्या आधी मी होडीचं काय करणार ते विचारलं. अशी मी. त्यांच्या मुलाने ती कोणाला तरी देऊन टाकली आणि पुढे पत्ता लागला नाही. कोणीतरी फोडून जळण केलं असेल असं मी धरून चालले. मनातून तीच इच्छा होती. गेली कित्येक वर्षं मी धक्क्यावर पाय ठेवलेला नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगते. गुडघे ठणठणीत आहेत.

परवा शिंपीणबाईच्या फोनवरून मी तुला फोन लावला होता, तो हे सांगायलाच. तू इतका खुशीत होतास, मागे चिमणी कप्तान, कप्तान करून ओरडत होती, आणि मी काय विचारलं? तिकडे हवा कशी आहे. फोन ठेवल्यावर स्वतःची इतकी लाज वाटली की जिन्यातच बसले. म्हणून हे पत्र. कागदावर तरी तुझा आवाज मध्ये येत नाही.

त्या वर्षी तुझ्या आजोबांचा खोकला छातीत उतरला होता. ओल्या जमिनीवर पाठ टेकवून काम करणं बंद करा, नाहीतर पुढचा हिवाळा बघणार नाही, असं डॉक्टर मला म्हणाले होते. त्यांनी मला शब्द दिला, ही होडी शेवटची, ही पार पडली की मोगरी खुंटीला. आम्ही तपासायला लागलो. फळ्यांमागून फळ्या गेल्या, सगळ्या खणखणीत. मग मागून चौथी आडवी बरगडी, उजवी बाजू, तळाच्या मधोमध जाणाऱ्या कण्याला लागून असलेली फळी. मोगरी पडली आणि कानात उशीवरची बुक्की आली. त्यांनी पुन्हा मारली, पुन्हा तीच. मी टाच उचलली. ती फळी काढायची म्हणजे अर्धा तळ उसवायचा, म्हणजे अख्खा हिवाळा त्यांनी त्या ओलीत पडून राहायचं, आणि ते राहिलेच असते. मी टाच एकदाच आपटली. ते पुढे सरकले. बाहेर आले तेव्हा कपड्यांवरचा भुसा झटकत माझ्या ओठांकडे बघून त्यांनी विचारलं, "एकही पोकळ नाही?" आणि मी म्हटलं, "एकही नाही." शिंपीणबाईने टाचण्या तोंडातून काढल्यात आणि माझ्याकडे बघत बसलीय. लिही गं बाई, थांबू नकोस, थांबलीस तर मीही थांबेन.

त्यानंतर ते दोन वर्षं आणि चार महिने जगले. खिडकीतल्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, माझ्या एकाही होडीत पोकळ फळी नाही. मी चहा आणून द्यायची आणि मान डोलवायची. ते दिवस मी चोरून आणले होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. आता वाटतं, ते मी तुझ्या चिमणीच्या वाट्यातून चोरले. अठरा वर्षांपूर्वी ती कूज माझ्या तळहाताएवढी होती. आता केवढी असेल याचा मला विचार करवत नाही, आणि डोळे मिटले की दुसरं काही सुचत नाही. तू आजोबांच्या खुणेवर विश्वास टाकलास. त्या खुणेत खोटं आहे, आणि ते त्यांचं नाही, माझं आहे. एवढं सांगण्यासाठी हे सगळं पत्र. उद्या सकाळी दूधगाडीचा ड्रायव्हर ते तुझ्या हातात देईल. ते वाचल्यावर चांभाराची टोकदार आरी घे, मी सांगितलेल्या फळीत खुपस आणि जोर लाव. लाकूड आरीला परत ढकलेल, नाहीतर लोण्यासारखं आत घेईल. ते होईपर्यंत चिमणीला होडीत पाऊल ठेवू देऊ नकोस, तुझ्या हातापाया पडते. आणि उत्तर लिहून पाठवू नकोस. ते दुसऱ्या कोणीतरी वाचायचं आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायचं, तेवढा धीर आता नाही. ड्रायव्हर संध्याकाळी परततो, त्याच्याबरोबर पुडी पाठव. होडी सोडून दिलीस तर खजूर पाठव. लाकूड भरीव निघालं तर मनुका पाठव. पुडी चाचपूनच माझ्या हाताला कळेल. खजूर बिया काढलेले बघ, खाली दोनच दात राहिलेत. आणि माझ्यावर इतका रागावला असशील की गोड पाठवायला हात धजत नसेल, तर कडक शिळा पाव पाठव. मी तो पाण्यात भिजवून खाईन. पण काहीतरी पाठव.

तुझीच,
आजी