कपाळावर ठेवलेला हात

११ नोव्हेंबर १८३३, एडिनबरो

गौर्ले गेला! माझ्या खालच्या मजल्यावरचा हातमोजेवाला थॉमस गौर्ले, एल्स्पेथचा बाप. सकाळी जिन्याच्या तळाशी सापडला, डोकं मागून फुटलेलं. आमचा हा गोल दगडी जिना दिवसासुद्धा काळोखा, आणि म्हातारा नेहमीसारखा पिऊन आलेला. तरी शेजारची जॅनेट म्हणते, जन्मभर पिऊन हाच जिना चढला, तो आजच कसा विसरला? ढकललाय कुणीतरी.

कुणी, हे गल्लीने ठरवूनही टाकलंय. परवाच म्हाताऱ्याने मॅथ्यू लेडलॉला भर रस्त्यात सुनावलं होतं – पाथरवटाला पोर देण्यापेक्षा तिला पुरून टाकीन. मॅथ्यूने हातोडा उगारला म्हणे.

एल्स्पेथला भेटलो. रडत नव्हती. मॅथ्यूवरूनच बापाशी भांडण झालं होतं. "रात्री बाबा दार वाजवत होते, डॉक्टर. मी उघडलं नाही." एवढंच बोलली.

गल्ली मला 'अर्धा डॉक्टर' म्हणते. प्राध्यापकावर स्टूल भिरकावून मी कॉलेज सोडलं, तेव्हापासून. ती एकटी नुसतं 'डॉक्टर' म्हणते. तेवढ्यावर जगतो मी.

१२ नोव्हेंबर

बापाला तिने एकटीनेच धुतलं-पुसलं. दार आतून बंद. जॅनेट बाहेर फुरंगटून बसलेली – चार घरची मढी धुतली मी, आणि मलाच मज्जाव!

१३ नोव्हेंबर

आज म्हाताऱ्याला पेटीत ठेवलं. मिणमिणती मेणबत्ती, व्हिस्कीचा वास, खोलीत पाय ठेवायला जागा नाही. उचलायला माणूस कमी पडला म्हणून पाय मी धरले. मी उंच, पलीकडचा सुतार बुटका. म्हाताऱ्याचं डोकं बरंच खाली कललं.

मग एकेकाने पुढे होऊन मढ्याच्या कपाळावर हात ठेवायला सुरुवात केली. आमच्याकडे हे चुकवत नाहीत. हात ठेवला की मेलेला माणूस स्वप्नात येत नाही. आणि दुसरंही एक आहे, ते कुणी मोठ्याने बोलत नाही. मारणाऱ्याचा हात लागला तर मढं रक्त टाकतं.

एल्स्पेथ कोपऱ्यातून हलली नाही. जॅनेट म्हणाली, राहू दे तिला, तिने काल धुतलंय, तिचं झालं.

मॅथ्यू पुढे झाला. हात ठेवला. आणि म्हाताऱ्याच्या नाकातून काळसर रक्ताची धार ओघळली, थेट पांढऱ्या कापडावर.

मॅथ्यू स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. शेवटी जॅनेट हळू आवाजात म्हणाली, "दार लावा रे कुणीतरी."

लगेच पोलीस आले. घेऊन गेले.

१४ नोव्हेंबर

मला माहीत आहे. या कागदाला तरी सांगतो. डोकं फुटलेलं मढं हलवलं, खाली कललं, की नाकातून रक्त येतंच. कॉलेजात कितीदा पाहिलं! कुणाचाही हात लागो न लागो. काल ते पाय मीच उचलले होते.

त्या खोलीत हे एकट्या मला माहीत होतं. मी गप्प बसलो.

का बसलो? एल्स्पेथने मॅथ्यूकडे ज्या नजरेने बघितलं, म्हणून. झालं लिहून!

१६ नोव्हेंबर

आज ती आपणहून वर आली. माझ्या खोलीत पहिल्यांदाच. ओटची पेज उतू गेली, मला भान नाही. शाल घट्ट आवळून दारातच उभी राहिली.

"डॉक्टर, तुम्ही शिकलेले आहात. हात लावल्यावर रक्त येतं, ते खरं सांगतं का?"

मॅथ्यूसाठी विचारतेय! दुसरं काही सुचलंच नाही मला. आतून पेटलो. आत्ता हो म्हणालो तर हा माणूस तिच्या मनातून कायमचा जाईल.

"रक्त खोटं बोलत नाही," मी म्हणालो.

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

ती म्हणाली, बरं झालं तुम्हाला विचारलं. बाकीचे काय, काहीही बोलतात. आणि गेली.

१७ नोव्हेंबर

झोप नाही. पण वाईट वाटतंय असंही नाही. विसरेल ती त्याला.

१९ नोव्हेंबर

तिने मला हातमोजे दिले! बापाने शिवलेले, मऊ कातड्याचे. घर आवरतेय म्हणाली. बापाची सुई-कात्री जॅनेटला देऊन टाकली. जॅनेट मला जिन्यात अडवून म्हणाली, "काय अर्धे डॉक्टर, आता पुरे होणार वाटतं!" हसलो. दिवसभर मोजे हातात घालूनच फिरलो, गाढवासारखा.

२१ नोव्हेंबर

एल्स्पेथ पोलिसांकडे गेली. बापाला मी ढकललं, म्हणाली. सही करून दिली.

मॅथ्यू सुटला.

त्याच दिवशी, नंतर

खोटं! सपशेल खोटं! त्याच्यासाठी स्वतःचा गळा फासात देतेय. इतकं प्रेम त्या दगडफोड्यावर! हातमोजे चुलीत टाकायला निघालो होतो. नाही टाकले.

२३ नोव्हेंबर

सरकारी वकिलाच्या कचेरीत गेलो. सगळं ओकलो – रक्ताला काही अर्थ नाही, मढं कललं म्हणून आलं, पाय मी धरले होते, मॅथ्यू निर्दोष, तीही निर्दोष.

त्याने चष्मा पुसला. "पोरा, हे रक्ताबिक्ताचं कोर्ट कुठे मानतं? आमच्या डॉक्टरने तर पहिल्याच दिवशी लिहून दिलं, जखम पडल्याची दिसते. लेडलॉला आम्ही चार दिवसांत सोडणारच होतो. आता मुलगी स्वतःच कबूल करते, त्याला आम्ही काय करणार?"

मी म्हणालो, ती खोटं बोलतेय. तर तो म्हणाला, तू तिच्यावर मरतोस हे तुमच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा जाणतं. तुझी साक्ष कोण धरणार?

म्हणजे त्या रक्तावर विश्वास ठेवणारी आमची गल्लीच तेवढी. बाकी शहरात कुणी नाही.

२५ नोव्हेंबर

काल्टन टेकडीवरच्या तुरुंगात गेलो. आत तापाची साथ आहे. भेटी बंद. चिठ्ठी दिली, पहारेकऱ्याने परत हातात कोंबली. समुद्राकडून धुकं आलं होतं. भिंतसुद्धा नीट दिसली नाही.

२ डिसेंबर

तिला ताप आहे म्हणतात.

५ डिसेंबर

गेली. खटला उभा राहण्याआधीच.

कपाळावर हात ठेवायला कुणालाही आत सोडलं नाही. आता स्वप्नात येईल. येऊ दे.

८ डिसेंबर

मॅथ्यू आला होता. मला वाटलं, मारायला आला. मी उभाच राहिलो, मार म्हणून. तो बसला. तुरुंगाची पडकी भिंत बांधायचं काम त्याने मुद्दाम मागून घेतलं होतं. गजातून तिच्याशी बोलला, शेवटच्या आदल्या दिवशी.

तिने ढकललं नव्हतं. नुसतं दार उघडलं नव्हतं. पण बापाला धुताना मागची जखम पुसायला तिने डोकं वळवलं, तर नाकातून रक्त आलं. तिच्या हातावर. माझ्या हाताआधी एक दिवस, मॅथ्यू म्हणाला. तिने शालीच्या टोकाने पुसलं. कुणाला सांगितलं नाही. मग खात्री करून घ्यायला एका माणसाकडे गेली.

"मी म्हटलं तिला, अगं, दार न उघडणं म्हणजे मारणं नव्हे. ऐकेना. म्हणाली, रक्ताने सांगितलंय." मॅथ्यूने टोपी उचलली. "तुला निरोप आहे तिचा. म्हणाली, डॉक्टरांना माझे आभार सांग. त्यांनी एकट्यांनी मला खरं सांगितलं."