मॅडमच्या न्हाणीचं माप

मंगळवार, २ जून

पाचही गणितं चूक! लांबी चार मीटर, रुंदी तीन. परिमिती चौदा. एनिफानं लिहिलं सोळा. पाचाच्या चौरसाला बावीस. सगळीकडे नेमके दोन जास्त. इतकं शिस्तीत चुकणारं पोर मी पाहिलेलं नाही.

विचारलं तर म्हणते, "मॅडम, मग आत कसं जायचं?"

इथं खेड्यात न्हाण्यांना दार नसतं. गवताच्या तट्ट्याचं एक टोक दुसऱ्याच्या पुढे दोन मीटर ओढतात, त्या बोळातून आत शिरायचं, म्हणजे बाहेरून काही दिसत नाही. तिचा मामा हेच तट्टे विणतो. ती प्रत्येक आयताला बोळ धरते! मी म्हटलं, बाई गं, हे गणित आहे, यात कोणी आंघोळ करत नाही. वर्ग खिदळला. ती नाही हसली.

शुक्रवारी परीक्षा. मामानं परवा हापशावर मला बजावलंय — यंदाही नापास झाली तर शाळा बंद, तंबाखूच्या मळ्यात जाईल. इथं घरात पोरांबद्दल शब्द मामाचा, आईचासुद्धा नाही. मला धास्ती वाटते. पोरगी हुशार आहे हो!

बुधवार, ३ जून

बकऱ्यांनी माझी न्हाणी खाल्ली. तीन बाजू फस्त.

मामाला नवीन सांगितली, तीन बाय दोन. वर्गासमोरच चिठ्ठी लिहिली — तट्टा दहा मीटर. एनिफा पुटपुटली, "बारा." मुद्दाम तिच्याच हाती चिठ्ठी दिली. खोड मोडायला! मी झोंबा शहरातली, विटांच्या न्हाणीघरात वाढलेली. सूत्र म्हणजे सूत्र.

शुक्रवार, ५ जून

पाचपैकी पाच! प्रत्येक गणिताआधी हात वर — "यात कोणी आंघोळ नाही ना करणार?" नाही गं बये, लिही. लिहिलं. पास! आनंदाच्या भरात रात्री सिमाचे, मक्याच्या उकडीचे, दोन गोळे जास्त खाल्ले.

शनिवार, ६ जून

मामानं न्हाणी उभी केली. चारी बाजू बंद! आत कसं जायचं म्हटलं, तर म्हणाला, ते मापात नव्हतं. एक कोपरा सोडवून घेतला. फट बरोब्बर हापशाकडे.

मग त्यानं विचारलं, "माप कुणी काढलं? एनिफानं?"

हो म्हणणं किती सोपं होतं! लाज वाटते लिहायला, तोंड उघडलंही होतं. शेवटी म्हटलं, माझं. ती बारा म्हणत होती.

त्यानं फटीतून हापशाकडे डोकावून बघितलं. "घरी बरोबर मोजायची. तुमच्याकडे येऊन दहा म्हणायला शिकली, आणि म्हणे पास! आता कशाला पाठवू, मॅडम?"

मी फटीवर कापड बांधायला घेतलं. पंधरा वर्षं शिकवतेय मी.

रविवार, ७ जून

फटीवर लावलेलं कापड वाऱ्यानं उडालं. हापशावर अकरा बायका. मोजायला भरपूर वेळ मिळाला.

सोमवार, ८ जून

एनिफा आली! डोक्यावर दोन मीटर तट्टा, गुंडाळलेला. "मामानं दिलाय. म्हणाला, मॅडमना माप जमेपर्यंत शाळा सोडायची नाही."

मी मुळीच लवकर शिकणार नाहीये.