कोणता प्रकार होता, माय

माय, तुझ्या स्तनातल्या गाठीबद्दल विचारायचं होतं, आणि विचारायला आता कुणी उरलं नाही. बाबाही गेले.

तुझं ऑपरेशन गोंदियात झालं तेव्हा मी बारावीत होते. डॉक्टरांनी काढलेली गाठ बरणीत घालून बाबांच्या हाती दिली, नागपूरला तपासायला न्या म्हणाले. बाबा निघाले तर तू खाटेवरूनच अडवलंस. आम्हा दोघी बहिणींच्या जन्मावेळची वार तू आपल्याच मातीत पुरायला लावली होतीस, तसंच हेही. "माह्या आंगाचा तुकडा हाय. परक्या गावात कायले ठेवून येता? बोडीच्या पाळीवर पुरा." तुझ्यापुढे बाबांचं कधी काही चाललं नाही. तिरोड्याची बस धरून बाबा आणि मी गावी आलो. अजून डोळ्यांपुढे आहे: बाबा बोडीच्या तळ्याकाठी खड्डा खणताहेत, मी बरणी धरून उभी आहे, आणि आत बघू की नको ते मला ठरवता येत नाही. पुढच्या धानकापणीपर्यंत तू राहिली नाहीस.

आता मी नागपूरला प्रयोगशाळेत अशाच गाठींवर काम करते. जनुकं पेशीत प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेली असतात. त्या प्रथिनांवर पेशी बारीक रासायनिक खुणा लावते, पुसते. एखाद्या खुणेनं गुंडाळी आवळली जाते आणि जनुक गप्प बसतं. दुसरीनं सैल होते आणि ते कामाला लागतं. स्तनाच्या कॅन्सरच्या प्रत्येक प्रकारात या खुणांची मांडणी वेगळी. काही गाठींत तर हार्मोनचा निरोप पेशीला पोचवणारं जनुक शाबूत असतं, नुसतं गप्प केलेलं असतं, म्हणून तिथं हार्मोन अडवणारी गोळी चालत नाही. नवख्या पोरांना हे मी ठासून शिकवते. मग घरी येऊन माझंच डोकं चालेनासं होतं. तुझी जनुकं मला आली, खुणा बहुधा येत नाहीत, तर मग तुझ्याकडून मला नेमकं आलं काय? तुझ्यावर चिडते. लगेच वाटतं, तेव्हा तपासून तरी काय हाती लागलं असतं? दोन्ही खरं वाटतं, हीच पंचाईत आहे.

मागच्या आठवड्यात माझ्या उजव्या स्तनात गाठ लागली. तुकडा तपासायला दिलाय, उत्तर यायचं आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आईला कोणता प्रकार होता. धाकटी बहीण शेजारी बसली होती, माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हणाले, हार्मोनच्या गोळीला दाद देणारा. सपशेल खोटं, माय. तो प्रकार मला तुझ्यासाठी हवा होता की माझ्यासाठी, कळत नाही.

बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "तं मायले गोळी काऊन नाही देली?"

मी रिक्षा शोधायला लागले. ते खोटं होतं हे तिला अजून सांगितलेलं नाही, आणि तिच्या हाती पडू नये म्हणून हे लिहिलेलंही फाडून टाकणार आहे.